मेहकरची शीळ

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याची सकाळ होती. चकलीचा तुकडा चहात बुडवावा की नाही याचा मी विचार करीत होतो, एवढ्यात शेजारच्या खोलीतून गाण्याचा आवाज आला. भाषा ओळखीची नव्हती, पण चाल मोठी लाघवी होती. एखादा माणूस संध्याकाळी खिशात हात घालून रस्त्याने चालला आहे आणि स्वतःशीच काही गुणगुणतो आहे, असे वाटावे तशी.

माझी नात गेली दोन वर्षे फ्रेंच शिकते. तिची आजी म्हणते, "आपलं कोण आहे फ्रान्सात?" पण नातीला ती भाषा आवडते, आणि त्या भाषेतली गाणी तर तिला भाषेहूनही आवडतात. मी विचारले तेव्हा ती उत्साहाने सांगू लागली, "आजोबा, हा शार्ल त्रने. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा, स्वतः गायचा. अमेरिकेतलं जॅझ आणि त्यांच्याकडचं जुनं गाणं याने असं एकत्र केलं की लोकांना वेडच लावलं. 'गाणारा वेडा' असंच म्हणायचे त्याला. तुमच्या वेळी होतं का हो आपल्याकडे असं कोणी?"

"होतं की," मी म्हणालो. "आणि ते आमच्या मेहकरहून निघालं होतं."

"मेहकरहून?"

पुण्याच्या माणसाने 'मेहकर' हा शब्द ज्या सुरात उच्चारायचा, त्याच सुरात तिने तो उच्चारला. तेव्हाच मी ठरविले की ही हकीकत एकदा लिहून काढायची.

दोन वकील

मेहकर हे बुलढाणा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पैनगंगेच्या काठी वसलेले. आगगाडी आमच्याकडे कधी आली नाही. खामगाव-मलकापूरकडे जाऊन गाडी धरायची. गावाला अभिमान वाटावा अशा गोष्टी म्हणजे १८८८ साली जमिनीतून निघालेली बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती, कंचनीच्या महालाचे अवशेष, आणि तीन आण्यांचे तिकीट काढून लोणारचे सरोवर पाहून परत येता येते ही सोय. निदान माझ्या लहानपणी आम्ही पाहुण्यांना एवढेच सांगत असू. चौथी गोष्ट आम्हांला ठाऊक होती, पण ती आम्ही सांगत नसू, कारण ती रोज कोर्टात जाताना दिसायची.

ती म्हणजे आमच्या गावचे वकील नागोराव घनश्याम देशपांडे, अर्थात कवी ना. घ. देशपांडे. जन्म २१ ऑगस्ट १९०९ चा, बुलढाणा जिल्ह्यातल्याच शेंदुर्जन्याचा. बी.ए., एल्‌एल.बी. होऊन त्यांनी मेहकरात वकिली मांडली आणि सारा जन्म तेथेच काढला. माझे आजोबा कोर्टाबाहेर बसणारे अर्जनवीस. त्यामुळे 'वकीलसाहेब' हे नाव आमच्या घरात रोजच्या भाजीभाकरीसारखे होते. वकीलसाहेब कविता करतात, हे मात्र आजोबा जरा आवाज खाली आणून सांगत. अशिलाच्या कानावर गेले तर काय, अशी त्यांना काळजी असावी!

दुसरे जी. एन. जोशी. तेही १९०९ सालचेच, तेही विदर्भात वाढलेले, तेही कायद्याचे पदवीधर. फरक एवढाच की त्यांना गळा होता. ना. घं.ची 'शीळ' ही कविता जोशींच्या हाती पडली, त्यांनी तिला स्वतः चाल लावली, स्वतः ती गायिली, आणि १९३० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत 'हिज मास्टर्स व्हॉईस' कंपनीने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना पहिल्या पानावर ज्या तबकडीचे नाव घेतात, ती ही.

म्हणजे नातीच्या त्या फ्रेंच गवयाने एकट्याने जे केले, ते आमच्याकडे दोघांनी वाटून घेतले. शब्द एकाचे, चाल आणि गळा दुसऱ्याचा. आणि दोघेही काळा कोट घालू शकणारे.

कर्ण्यापुढून यंत्रापुढे

यात एवढे नवे काय होते, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. त्या वेळी मराठी माणसाच्या कानावर गाणे तीनचार वाटांनी येई. एक नाटकाचे पद. त्यात बालगंधर्वांची मोहिनी. दुसरे बैठकीचे ख्याल-ठुमरीचे गाणे. तेथे शब्द हे स्वरांना टेकायला दिलेल्या खुंटीएवढेच. तिसरे भजन-कीर्तन, आणि चौथे बायकांच्या ओव्या, शेतातली गाणी, तमाशाची लावणी. कवितेची वाट या सगळ्यांपासून वेगळी होती. ती वाचायची असे. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी ती लोकांपुढे म्हणून दाखवायला सुरुवात केली, आणि कविता गाऊनही ऐकता येते याची गोडी लागली. तरी ते कवींचे काव्यगायन. गवयाने कविता उचलून, कवितेची म्हणूनच तिला सुरात बसवावी, हे अजून व्हायचे होते.

आणखी एक गोष्ट आड येत होती, ती यंत्राची. पहिल्या पंचवीसएक वर्षांत तबकडी भरायची म्हणजे गवयाने एका भल्या मोठ्या कर्ण्यात तोंड घालून खड्या आवाजात गायचे. आवाजाच्या जोरावरच आतली सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळू गाणाऱ्याचे तेथे काम नव्हते. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले, मायक्रोफोन आला, आणि जगातल्या हळू बोलणाऱ्यांना प्रथमच न्याय मिळाला! कानाशी येऊन सांगावे तसे गाता येऊ लागले. अमेरिकेत, फ्रान्सात आणि आपल्याकडे त्याच दहा वर्षांत मऊ आवाजाचे गाणे का वर आले, याचे निम्मे उत्तर या यंत्रात आहे.

उरलेले निम्मे तबकडीच्या आकारात आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीची एक बाजू सव्वातीन मिनिटांत संपे. बडा ख्याल तेथे मांडताच येत नसे. पण चार कडव्यांची कविता नेमकी मावत असे. शब्दांचा अर्थ सांभाळायचा, तानांची गर्दी करायची नाही, बैठकीच्या गाण्याचा सुरेलपणा ठेवायचा, नाटकातल्या पदाचा ठसका ठेवायचा, आणि रानातल्या गाण्याचा मोकळेपणाही सोडायचा नाही: एवढे सगळे सव्वातीन मिनिटांत बसवून दाखविले म्हणून जोशींची तबकडी घराघरांत गेली. गंमत अशी की 'शीळ' हा कवितासंग्रह छापला गेला १९५४ साली. पुस्तकाच्या आधी वीसएक वर्षे गाणेच गावोगाव फिरून आले होते.

आमच्या घरचा फोनो

ते आमच्या घरी आले १९३६ साली. माझ्या थोरल्या काकांनी खामगावहून चावीचा फोनो आणला आणि त्याबरोबर पाचसहा तबकड्या. मी तेव्हा जन्मलेलो नव्हतो. हे सगळे मला आत्याने सांगितलेले. आत्या तेव्हा बारा वर्षांची होती.

ओसरीवर फोनो लागला की निम्मी गल्ली जमायची. 'शीळ' तर एका बैठकीत तीनतीनदा लागे. आपल्याच गावच्या वकीलसाहेबांचे गाणे कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात छापून परत आपल्या गावी आले, याचे सर्वांना मोठे नवल. आजोबाही डोळे मिटून मान हलवीत.

गाण्यातली गोष्ट साधी आहे. रानातून येणारी शीळ ऐकून एका तरुणीचा जीव थाऱ्यावर राहत नाही. बोलणारी ती आहे, पण गाणारा पुरुष आहे. बालगंधर्वांच्या काळात याचे कोणाला काही वाटत नव्हते. जोशींनी तर स्त्रीचा आवाज काढण्याचाही प्रयत्न केला नव्हता. सरळ आपल्या आवाजात तिचे मन सांगितले होते.

एके दिवशी आत्या परसात धुणे वाळत घालताना तेच गाणे मोठ्याने म्हणू लागली. गळा बरा होता तिचा. आजोबा ओसरीवरून उठून आत आले. ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "घरंदाज मुलींनी हे शब्द तोंडाने म्हणायचे नाहीत." आणि ती एक तबकडी उचलून त्यांनी आपल्या अर्जाच्या कागदांच्या कपाटात ठेवून दिली. पाहुणे आले की ती बाहेर निघे, वाजे, आणि पुन्हा कपाटात जाई. म्हणजे तरुण मुलीच्या मनातली गोष्ट पुरुषाने लिहावी, पुरुषाने गावी, पुरुषांनी ओसरीवर बसून ऐकावी; फक्त मुलीने म्हणू नये! आजोबा काही दुष्ट नव्हते. त्या काळच्या चारचौघांसारखे होते.

आत्याचे लग्न चिखलीला झाले. पुढे नशिबाने साथ दिली नाही आणि ती माहेरी परत आली ती कायमची. मला कळू लागले तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता काहीतरी गुणगुणत असे. शब्द नाहीत, नुसती चाल. मी एकदा विचारले, "आत्या, शब्द का नाही म्हणत?"

"शब्द म्हणायचे नाहीत असं सांगितलं होतं," ती म्हणाली, "चाल म्हणायची नाही असं कोणी सांगितलं नव्हतं."

दरीतून आलेली हाक

इकडे त्या चालीच्या धन्याचे काय झाले? जोशींनी आणखी गाणी गायिली. ना. घं.चीच 'नदीकिनारी' त्यांच्या आवाजात गाजली. (ती नदी पैनगंगाच, असे आम्ही मेहकरकर पुराव्याशिवाय धरून चालतो.) 'गांधारी' या नावाने तबकड्या देणाऱ्या तरुण गंगूबाई हनगळांबरोबर त्यांनी युगुलगीत गायिले. आणि मग १९३८ साली ते त्याच कंपनीत नोकरीला लागले. गाणारा माणूस गाणी भरून घेणारा झाला.

पुष्कळदा अशा वेळी आपण हळहळतो. एक गवई कचेरीत गेला, असे म्हणतो. पण जोशींनी जे केले ते पाहिले म्हणजे हळहळ ओसरते. मोठमोठे खाँसाहेब ध्वनिमुद्रणाला राजी नसत. तीन मिनिटांत राग कसा मांडायचा, हा त्यांचा प्रश्न खराच होता. त्यांची मनधरणी करायला गवयाचेच काळीज लागते. केसरबाई केरकर, बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ, बेगम अख्तर अशा कलावंतांशी त्यांचा जो संबंध आला, त्याच्या हकीकती त्यांनी पुढे 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात आणि १९८४ च्या 'डाउन मेलडी लेन' या इंग्रजी पुस्तकात सांगितल्या आहेत. लांब वेळेची तबकडी आल्यावर एका बाजूला वीस मिनिटे मिळू लागली, आणि अमीर खाँसाहेबांचे मारवा आणि दरबारी १९६० साली लोकांच्या घरी पोचले.

आणि १९६७ साली जोशींनी एक तबकडी काढली, तिचे नाव 'कॉल ऑफ द व्हॅली'. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, निरनिराळ्या रागांतून सांगायचा अशी तिची कल्पना. सुरुवात अहिर भैरवाने, शेवट पहाडीने. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. त्या वेळी हे तिघेही तरुण होते. संतूर हे काश्मीरकडचे वाद्य, रागदारीत नुकते रुजू लागलेले. गिटार तर साहेबाचे. शास्त्रीय म्हणावे तर गोष्ट सांगणारे, हलके म्हणावे तर शुद्ध रागातले. ती तबकडी देशात खपलीच, परदेशांतही हिंदुस्थानी संगीताची ओळख पुष्कळांना तिनेच करून दिली.

ती तबकडी मी मुंबईत एका मित्राकडे प्रथम ऐकली. शब्द नाहीत, नुसते सूर. पण रानातून बासरी येऊ लागली आणि मी ताठ बसलो. रान, दूर कोठेतरी कोणी, आणि वाऱ्यावरून येणारा सूर! पस्तीसेक वर्षांपूर्वी या माणसाने गळ्यातून जी शीळ घातली होती, तीच तो पुन्हा दुसऱ्यांच्या हातून घालीत होता. जोशींच्या मनात तसे असेल की नसेल, कोण जाणे. मला मात्र ती आत्याच्या गुणगुणण्यासारखी वाटली. शब्द वजा केले तरी चाल उरतेच.

पुढच्या खेपेस

जोशी मुंबईला गेले, त्यांच्या तबकड्या जगभर गेल्या. ना. घ. मेहकरात राहिले. 'शीळ'नंतर 'अभिसार' आला, 'खूणगाठी' आला, आणि त्या 'खूणगाठी'ला १९८६ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. उतारवयात आमच्याच गावच्या त्या पडक्या कंचनीच्या महालाचे नाव त्यांनी एका संग्रहाला दिले. दरम्यान भावगीत केवढे वाढले! गजाननराव वाटव्यांनी ते चौकाचौकांत नेले. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि घराघरांतले लोक रेडिओपुढे हात जोडून बसले. पण नदी कितीही रुंद झाली तरी उगम लहानशाच जागी असतो, आणि तेथे फारसे कोणी जात नाही.

मीही गेलो नाही. १९६२ साली शिकायला मी पुण्यास आलो आणि पुण्याचाच झालो. दिवाळीला मेहकरास जात असे. १९९० नंतर आत्या दर वर्षी म्हणू लागली, "अरे, मला एकदा वकीलसाहेबांकडे घेऊन चल. एक विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"ती गेली का रे शेवटी?"

"कोण?"

"ती शीळ ऐकणारी. गेली का रानात, की घरीच राहिली?"

मी हसत असे. एवढ्या मोठ्या कवीला जाऊन हे काय विचारायचे! शिवाय फराळ, भेटीगाठी, परतीची एस.टी. "पुढच्या खेपेस नक्की," मी म्हणत असे. त्यांचे घर आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. दहा वर्षांत दहा खेपा झाल्या.

१० मे २००० रोजी ना. घ. गेले. जोशी त्याआधीच गेले होते. बातमी मी पुण्यात वाचली, आणि पहिली आठवण झाली ती आत्याची. त्या दिवाळीला मेहकरास गेलो तो मान खाली घालूनच. मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "राहिलं ते बरंच झालं म्हण. 'नाही गेली' असं त्यांनी सांगितलं असतं तर?"

माझी समजूत काढण्यासाठी ती तसे म्हणाली, हे मला कळले. आत्या २००६ साली वारली. ब्याऐंशी वर्षांची होऊन.

हे सगळे मी त्या पाडव्याच्या सकाळी नातीला सांगितले. चहा केव्हाच गार झाला होता. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, आमच्या त्या त्रनेचं १९५१ मधलं एक गाणं आहे, 'कवींचा आत्मा' अशा अर्थाच्या नावाचं. कवी जातात, पण त्यांची गाणी रस्त्यांतून फिरत राहतात, असा त्याचा विषय आहे. ती कोणी केली, कोणासाठी केली, हे गाणाऱ्यांना माहीतही नसतं."

पॅरिसच्या रस्त्यात आणि मेहकरच्या परसात एकच गोष्ट घडत असते तर! पण वाचकहो, मला त्यात अर्धेच समाधान आहे. गाणी फिरत राहतात हे खरे. म्हणून ती करणाऱ्याच्या दारापर्यंत आपण जाऊ नये असे नाही. तुमच्याही गावात असे कोणी असेल. या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन जा, आणि मनात असेल तो वेडा प्रश्न खुशाल विचारा. बरोबर घरातले एखादे वडीलधारे माणूस न्या. प्रश्न बहुधा त्याच्याकडेच असतो.

आमच्या नातीने मग मोबाइलवर 'शीळ' शोधून काढली. नव्वद वर्षांपूर्वीची ती खरखर, आणि तिच्यातून वर येणारा जोशींचा तरुण आवाज. तिने ती दोनदा ऐकली. दुपारी ती गॅलरीत कपडे वाळत घालीत होती. मी आत वर्तमानपत्र वाचीत होतो. ती हळूच चाल गुणगुणू लागली. कडव्याचे शब्द आठवेनात म्हणून ती थांबली.

मी उठून गॅलरीत गेलो.

"थांबू नकोस," मी म्हणालो. "मी सांगतो. शब्दांसकट म्हण."